कामाचे नाव आणि कामाचे मोल

एकाच शिवारात, एकाच दिवशी, एकाच शेतमालकाकडे काम करणाऱ्या पुरुषाला आणि स्त्रीला निरनिराळी मजुरी मिळते, ही गोष्ट ग्रामीण भागात इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणी विचारणा केली तर तिचेच नवल वाटावे. विचारणा झालीच तर उत्तर तयार असते : पुरुषाने नांगरट केली, फवारणी केली, पोती उचलली, बाईने खुरपणी केली. काम वेगळे, म्हणून दामही वेगळे. वरवर पाहता हे उत्तर निरुत्तर करणारे आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही ते सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही. समान वेतनाचा नियम समान कामाला लागू होतो. नांगरट आणि खुरपणी ही समान कामे आहेत असे कोणतेही न्यायालय सहजासहजी म्हणणार नाही. दिवसभर वाकून खुरपे चालविणे हे काम हलके कोणी ठरविले, हा प्रश्न मात्र त्या उत्तरात दडून राहतो.

स्त्रियांच्या नोकरभरतीसंबंधीचे नियम आणि समान वेतनासंबंधीचे नियम यांची चर्चा बहुधा स्वतंत्रपणे होते. भरतीचा विषय सामान्य प्रशासनाचा आणि वेतनाचा विषय कामगार खात्याचा, अशी ही वाटणी आहे. वास्तविक या दोन नियमांचा संबंध फार जवळचा आहे. समान वेतनाचा नियम तुलनेवर चालतो. तुलनेसाठी त्याच कामावर स्त्री व पुरुष दोघेही असावे लागतात. अधिक वेतनाच्या कामावर स्त्रीला घेतलेच नाही, तर तुलना करावयाची कोणाशी ? कामांची नावे वेगळी ठेवून हा नियम कागदोपत्री पाळता येतो आणि प्रत्यक्षात निष्प्रभ करता येतो. म्हणूनच भरतीच्या दारातील नियम आणि हजेरीपटावरील नियम एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

कुटुंबाचा पोशिंदा आणि पूरक कमाई

स्त्रीची मजुरी कमी असण्यामागे तिची ताकद कमी असल्याचे कारण सांगितले जात असले, तरी त्यामागे आणखी एक हिशेब होता. किमान वेतन कसे ठरवावे याविषयी १९५७ मध्ये १५ व्या भारतीय श्रम परिषदेने निकष घालून दिले. मिळवत्या एका व्यक्तीमागे तीन उपभोग घटकांचे कुटुंब धरावे आणि स्त्रिया, मुले व किशोरवयीन यांची कमाई हिशेबात घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. हेतू चांगला होता. कुटुंबातील सर्वांना राबावे लागू नये, एकाच्या मजुरीत घर चालावे, हा तो हेतू. तथापि या मांडणीतून पुरुषाची मजुरी ही घराची मजुरी आणि स्त्रीची मजुरी ही मीठ-मिरचीची भर, ही जुनी समजूत अधिकच दृढ झाली. विधवा, परित्यक्ता किंवा आजारी पतीची पत्नी स्वतःच घराची पोशिंदी असते, हे त्या गणितात कोठेच बसत नव्हते.

भारतीय संविधानाची भूमिका याहून निराळी होती. पुरुष व स्त्रिया या दोघांनाही समान कामाबद्दल समान वेतन मिळावे, असे धोरण राज्याने आखावे, असे अनुच्छेद ३९ (घ) मध्ये सांगितले आहे. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे ते थेट न्यायालयात अंमलात आणता येत नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या समान पारिश्रमिकविषयक करारास भारताने १९५८ मध्ये मान्यता दिली. परंतु देशात त्याकरिता स्वतंत्र कायदा होण्यास आणखी सतरा वर्षे लागली. स्त्रियांच्या दर्जासंबंधी नेमलेल्या समितीचा अहवाल डिसेंबर १९७४ मध्ये सादर झाला. पुढील वर्ष हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. त्या वर्षाच्या २६ सप्टेंबरला समान पारिश्रमिकाचा अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्रीला कमी वेतन देता येणार नाही. समानता साधण्यासाठी पुरुषांचे वेतन खाली आणता येणार नाही. आणि भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करता येणार नाही, अशा या कायद्यातील तीन मुख्य गोष्टी होत्या. १९८७ च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण आणि बदली यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख झाला.

मुंबईतील दोन प्रकरणे

कायदा झाला, पण कामाचे नाव बदलले तर कायदा लागू होतो काय ? या प्रश्नाचा निकाल लावणारी दोन प्रकरणे मुंबईतच घडली, आणि त्यांचे निकाल परस्परांपासून बरेच दूर गेले.

पहिले प्रकरण एअर इंडियाचे. विमानातील हवाई सुंदरी आणि पुरुष सेवक हे एकाच विमानात, त्याच प्रवाशांची सेवा करीत. परंतु त्यांचे संवर्ग वेगळे, सेवाशर्ती वेगळ्या. पुरुष सेवकाचे निवृत्तीचे वय ५८, तर हवाई सुंदरीला सामान्यतः ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागे. त्याआधी सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास किंवा पहिले गर्भारपण आल्यास नोकरी संपे. १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट अत्यंत अन्यायकारक ठरवून रद्द केली. मात्र हे दोन्ही संवर्ग भरतीपासूनच वेगळे असल्याने त्यांची तुलना होऊ शकत नाही, ही व्यवस्थापनाची भूमिका न्यायालयाने मान्य केली. चार वर्षांच्या विवाहबंदीची अटही कायम राहिली. संवर्गाची भिंत उभी असली की भेदभावाचा प्रश्नच उपस्थित होत नाही, असा अर्थ या निकालातून निघत होता.

दुसरे प्रकरण मॅकिनॉन मॅकेन्झी या कंपनीतील ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिकेचे. कंपनीत ‘लेडी स्टेनोग्राफर’ असा वेगळा गट होता. या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली गोपनीय लघुलेखनाचे काम करीत आणि पुरुष लघुलेखकांपेक्षा त्यांना कमी वेतन मिळे. १९७७ मध्ये नोकरी गेल्यानंतर या लघुलेखिकेने फरकाच्या रकमेची मागणी केली. कंपनीचे म्हणणे तीन प्रकारचे होते : गोपनीय लघुलेखिकेचे काम वेगळे आहे, वेतनश्रेणी कर्मचारी संघटनेशी झालेल्या करारानेच ठरली आहे, आणि वाढीव वेतन देण्याची कंपनीची आर्थिक ऐपत नाही. २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे तिन्ही मुद्दे अमान्य केले. दोन कामांची तुलना करताना नावाकडे किंवा बारीकसारीक फरकाकडे न पाहता, प्रत्यक्षात सामान्यपणे कोणते काम केले जाते याकडे व्यापक दृष्टीने पाहावे. कराराने कायद्याला बगल देता येत नाही. आणि ऐपत नाही ही सबब या बाबतीत चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे १९८७ च्या निकालाचे महत्त्व ध्यानात येते. आस्थापनेच्या कागदांवर पदाला काय म्हटले आहे, या प्रश्नापासून ते पद धारण करणारी व्यक्ती दिवसभर काय करते, या प्रश्नाकडे कायद्याची नजर वळली.

१९७६ चा अधिनियम आता राहिलेला नाही. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि तो अधिनियम तिच्यात विलीन झाला. संहितेच्या कलम ३ प्रमाणे एकाच मालकाकडील समान किंवा समान स्वरूपाच्या कामाच्या वेतनात लिंगाच्या कारणाने भेद करता येत नाही. ‘स्त्री व पुरुष’ या शब्दांऐवजी ‘लिंग’ हा शब्द आल्याने तृतीयपंथी कर्मचाऱ्यांनाही या कलमाचा आधार मिळतो. समान कामाची व्याख्या कौशल्य, परिश्रम, अनुभव व जबाबदारी या कसोट्यांवर केलेली असून, व्यवहारात महत्त्वाचा नसलेला फरक विचारात घेतला जात नाही. भरतीतील भेदभावास बंदी कायम आहे. जेथे कायद्यानेच स्त्रियांच्या कामावर बंधन घातले असेल तेवढाच अपवाद. रात्रीच्या पाळीचे उदाहरण या अपवादासाठी पूर्वी हमखास दिले जाई. कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेप्रमाणे, संमती घेऊन व सुरक्षिततेच्या अटी पाळून स्त्रियांना सकाळी ६ पूर्वी व सायंकाळी ७ नंतरही कामावर ठेवता येत असल्यामुळे ते उदाहरण आता तितकेसे लागू पडत नाही. एक उणीव मात्र नमूद करावयास हवी. बढती, प्रशिक्षण व बदली हे शब्द जुन्या कायद्यात स्पष्टपणे होते. नव्या कलमात ‘नोकरीच्या शर्ती’ या एकाच शब्दप्रयोगाला तो सारा भार वाहावा लागणार आहे.

भरतीच्या दारात

शासकीय सेवेत वेतनश्रेणी पदाला जोडलेली असते. शिक्षिका आणि शिक्षक, महिला तलाठी आणि पुरुष तलाठी यांच्या मूळ वेतनात फरक पडण्याचे कारण नाही. तेथे प्रश्न उरतो तो प्रवेशाचा. अनुच्छेद १६ (२) प्रमाणे शासकीय नोकरीत लिंगावरून भेदभाव करता येत नाही; त्याच वेळी अनुच्छेद १५ (३) स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला देतो. ही मुभा नोकरभरतीलाही लागू आहे किंवा कसे, हा वाद आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला व तेथील ३० टक्क्यांची तरतूद वैध ठरविली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपले पहिले महिला धोरण जाहीर केले होते आणि त्या अनुषंगाने शासकीय, निमशासकीय सेवेतील सरळसेवा भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के आरक्षण आले. २५ मे २००१ च्या शासन निर्णयाने त्याची तपशीलवार पद्धत घालून दिली.

हे आरक्षण ‘समांतर’ आहे, आणि नेमक्या याच शब्दाने अनेक कार्यालयांत घोटाळे झाले आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग इत्यादींचे आरक्षण उभे असते. स्त्रियांचे आरक्षण त्या प्रत्येक उभ्या स्तंभाला आडवे छेदून जाते. त्यामुळे दोहोंची मोजणी एकाच रीतीने होत नाही.

उदाहरणादाखल, एखाद्या सामाजिक प्रवर्गासाठी २० पदे आहेत असे समजू. ३० टक्क्यांप्रमाणे त्यांपैकी ६ पदे स्त्रियांची. प्रथम त्या प्रवर्गाची गुणानुक्रमे पहिल्या २० उमेदवारांची यादी करावयाची आणि तीत स्त्रिया किती हे मोजावयाचे. सहा किंवा अधिक असतील तर आरक्षणाची पूर्तता झाली. यादीला हात लावण्याचे कारण नाही. नऊ स्त्रिया असल्या तरी तीन काढून टाकावयाच्या नाहीत, कारण त्या गुणवत्तेने आल्या आहेत. चारच असतील तर त्याच प्रवर्गातील गुणक्रमाने पुढील दोन स्त्रियांना वर घ्यावयाचे आणि यादीच्या तळातील दोन पुरुष उमेदवार कमी करावयाचे. सर्वोच्च न्यायालयाने राजेशकुमार दारिया प्रकरणात २००७ मध्ये हीच रीत समजावून दिली आहे. ज्या कार्यालयाने अगोदर ६ स्त्रिया स्वतंत्रपणे निवडल्या आणि नंतर उरलेल्या १४ जागांची सर्वसाधारण यादी केली, त्याची गणना चुकली. पात्र स्त्री उमेदवार मिळाल्या नाहीत तर ती पदे रिकामी न ठेवता त्याच प्रवर्गातील पुरुष उमेदवारांमधून भरली जातात.

पंचायत सदस्यांच्या मनात येथे एक गल्लत होण्याचा संभव असतो. पंचायतीत स्त्रियांसाठी राखीव प्रभाग असतो. महाराष्ट्रात ५० टक्के जागांची तरतूद २०११ मध्ये झाली. राखीव प्रभागात पुरुष उभाच राहू शकत नाही. नोकरभरतीत असा ‘राखीव प्रभाग’ नसतो. तेथे आरक्षण ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागा म्हणजे केवळ मागासवर्गीय नसलेल्या महिलांच्या जागा, असा समज काही ठिकाणी रूढ झाला होता. त्यामुळे अधिक गुण असूनही मागास प्रवर्गातील स्त्रिया बाहेर आणि कमी गुणांच्या उमेदवार आत, असे प्रकार घडले. महाराष्ट्रातही या मुद्द्यावर भरतीप्रक्रिया न्यायालयात गेल्या. उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीसंबंधीच्या सौरव यादव प्रकरणात १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा समज खोडून काढला. खुला प्रवर्ग हा कोणत्याही एका समाजगटाचा कोटा नाही. तो सर्वांना खुला आहे, आणि म्हणून त्यातील स्त्रियांच्या जागाही गुणानुक्रमे सर्व स्त्रियांना खुल्या आहेत.

खाजगी क्षेत्रात भरतीसाठी असा हिस्सा कायद्याने ठरविलेला नाही. कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे ठरावीक वर्गातील कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असावी लागते, इतकेच. तेथे भिस्त आहे ती भेदभावबंदीच्या कलमावर, आणि दारातच नाकारलेली उमेदवार पुरावा आणणार तरी कोठून ! जाहिरातीतील ‘फक्त पुरुष उमेदवार’ हे शब्द मात्र पुरावाच ठरू शकतात.

हजेरीपट आणि मुकादम

मजुरीच्या बाबतीत महाराष्ट्राने एक चांगला पायंडा पाडला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. योजनेत मजुरी माणसाला नव्हे, कामाच्या मोजमापाला लावलेली होती. किती घनमीटर माती निघाली, ती किती दूर वाहिली, यावर दर. माती खणणाऱ्याचे आणि पाटी वाहणारीचे दर लिंगावरून पडत नसत. स्त्रिया या कामांवर मोठ्या संख्येने आल्या, यामागे घराजवळचे काम हे जसे कारण होते तसे हेही असावे. पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही लाभधारकांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद करण्यात आली.

मात्र मोजमाप टोळीचे आणि पैसे मुकादमाच्या हाती, अशी व्यवस्था असली की समान दर मधल्या मध्ये झिरपतो. याचे ठळक उदाहरण दिल्लीचे आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी तेथे स्टेडियम व उड्डाणपूल उभारले जात असताना कंत्राटदारांच्या मजुरांना दिवसाचे ९ रुपये २५ पैसे किमान वेतन देय होते. जमादार त्यातील एक रुपया कापून घेत, आणि स्त्री-मजुरांच्या हाती तर ७ रुपयेच पडत, असे न्यायालयापुढे मांडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिलेल्या निकालात, मजूर कंत्राटदाराचे असले तरी काम शासनाचे आहे आणि कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारी शासनयंत्रणेला झटकता येणार नाही, असे बजावले. ग्रामपंचायतीच्या गटाराचे वा शाळाखोलीचे काम कंत्राटदाराकडे दिले जाते तेव्हा हाच न्याय ध्यानी ठेवावयास हवा. देयक मंजूर करण्यापूर्वी हजेरीपटावरील दर आणि मजुराच्या बँक खात्यात जमा झालेली रक्कम ताडून पाहणे हे ग्रामसेवकाला अवघड नाही.

कमी वेतन मिळाल्याची मागणी संहितेप्रमाणे तीन वर्षांच्या आत नियुक्त प्राधिकाऱ्याकडे करता येते. कर्मचारी स्वतः, त्याची संघटना किंवा निरीक्षक यांपैकी कोणीही अर्ज करू शकतो. प्राधिकारी देय रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देववू शकतो. वेतन पूर्ण दिले, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. अशिक्षित मजूर स्त्रीच्या दृष्टीने ही शेवटची तरतूद सर्वांत मोलाची म्हणावी लागेल, कारण हजेरीपट तिच्या नव्हे, मालकाच्या कपाटात असतो.

मानधनाच्या पदांचा प्रश्न यापैकी कोणत्याच चौकटीत नीट बसत नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, म्हणजे समान पारिश्रमिकाच्या अध्यादेशानंतर अवघ्या सहा दिवसांनी. तिच्या अंगणवाड्यांतील सेविका व मदतनीस ही पदे केवळ स्त्रियांसाठी आहेत. म्हणजे भरतीच्या दारात येथे हिस्सा ३० नव्हे, १०० टक्के. आणि नेमक्या त्यामुळेच त्यांच्या कामाची तुलना करण्यास त्याच पदावर पुरुष नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका या शासनाच्या नागरी पदधारक नाहीत असे ठरविले होते. २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने उपदान अधिनियम, १९७२ त्यांना लागू होतो असा निर्णय दिला. आणि त्यांना मिळणारी रक्कम, तिला मानधन म्हटले जात असले तरी, त्या अधिनियमाच्या अर्थाने वेतनच आहे असे म्हटले.